पाचवी प्रत

१२ जानेवारी

वहिनी,

मी जिवंत आहे, जेवते आहे, झोप दहापैकी सहा. हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे पुढचं वाचायचं नसेल तर इथेच घडी घालून ठेवता येईल.

सध्या बाटल्यांच्या एका गोदामावर राहते. खाली पंचवीस जणी बाटल्यांना चिठ्ठ्या डकवतात, सव्विसावी मी. मुकादम म्हणतो, तुझी प्रत्येक चिठ्ठी डावीकडे कलते, तू चालतेससुद्धा तशीच. मी म्हटलं, मग बाटली उजवीकडे कलती ठेवा, सरळ दिसेल. त्याला हसू आलं नाही. तुला आलं असतं. निदान त्या सात आठवड्यांत तरी आलं असतं.

हा माझा कितवा उद्योग ते तूच सांगू शकशील, हिशेब तूच ठेवायचीस. तू लग्न होऊन घरात आलीस तेव्हा मी दुसऱ्यांदा शाळा सोडली होती (शाळेने मला सोडलं की मी शाळेला, हा वाद अजून मिटलेला नाही), आणि पहिल्याच आठवड्यात तू माझं नाव भिंगरी ठेवलंस. आईला राग आला. तिला वाटलं, आल्या आल्या नणंदेला नावं ठेवते. मला मात्र वाटलं, चला, कोणाला तरी माझा रोग कळला.

मुद्द्यावर येते. समुपदेशन केंद्रातल्या तुझ्या नोंदवह्यांची पानं बटणवाल्याच्या दुकानात पिशव्या होऊन निघाली, त्याचा मी इथे बसून खूप विचार केला. ते कागद बारीक करायचं मशीन किती अडायचं ते केंद्रात सगळ्यांना माहीत आहे. शिवाय त्या दिवशी सफाईवाल्या मावशी कपाटाजवळ होत्या, एवढं आठवलं म्हणून सांगते. मी कोणावर आळ घेत नाही. आणि त्या सकाळी न सांगता निघाले ते वेगळ्याच कारणाने, इथलं काम अचानक आलं होतं म्हणून.

पण ते सात आठवडे चांगले गेले, एवढं तरी खरं ना? त्याआधीची तू आठव. दिवसाला नऊ माणसं ऐकून यायचीस आणि जेवणाच्या टेबलावर कागद मांडायचीस. भेटीची नोंद, आराखडा, प्रश्नावली, एक प्रत मोठ्या डॉक्टरांना, एक निधी देणाऱ्यांना. एका माणसाचं नाव, वय, जन्मतारीख, येण्याचं कारण पाच वेळा. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो, कारण टेबलावर तुझी माणसं असायची. एकदा दादाने नुसतं मीठ मागितलं, तर तू मान वर न करता म्हणालीस, "हे कधीपासून वाटतंय तुम्हाला?" आम्ही हसलो. तू हसली नाहीस, तुझ्या लक्षातच आलं नव्हतं.

राजीनाम्याचा कागद तू साखरेच्या डब्याखाली ठेवला होतास. मला सापडला तेव्हा म्हणालीस, "माणसं बोलतात त्याने मी थकत नाही गं. तेच पाचदा लिहून थकते. पाचव्यांदा लिहिताना ते माणूस राहतच नाही, नुसतं वाक्य उरतं."

म्हणून मी टायपिंगला आले. बाकी कशासाठी नाही.

भिंगरी

ता. क. पाकिटाच्या मागे पत्ता आहे. तुला नको असेल, दादाला असू दे.


२ फेब्रुवारी

वहिनी,

दादाची चार ओळींची चिठ्ठी आली. तुला कामावरून घरी बसवलंय. सोळा मार्चला समितीसमोर सुनावणी आहे आणि समुपदेशक म्हणून तुझी नोंदणी राहते की जाते ते त्याच दिवशी ठरणार. माझं पत्र तू वाचलंस आणि एवढंच म्हणालीस, "रकाना भरलेला नाही."

मग भरते. पण मला पाल्हाळ लावू दे, माझं गाडं थेट स्टेशनवर कधी आलंय.

टायपिंगला बसले तेव्हा पहिल्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांनी माझ्याकडून एका कागदावर सही घेतली. इथलं काही बाहेर बोलणार नाही, नेणार नाही, दाखवणार नाही. मी न वाचताच केली. चष्म्याच्या वरून बघत ते म्हणाले, वाचा. मी म्हटलं, वाचलं. बघ, पहिल्या दिवसापासून.

आठवडाभर तुझ्या वह्यांवरून एकाच माणसाचं पाच वेळा टाइप केलं आणि मला वेड लागायची पाळी आली. मागे मी लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे होते ना, तिथे नवरानवरीचं नाव एकदा टाकलं की पत्रिकेवर, पाकिटावर, पुठ्ठ्यावर आपोआप चढायचं. तसंच केलं. पाच कागदांतलं सारखं होतं ते एका पानावर, उरलेलं कोणालाच लागत नव्हतं. निधीवाल्यांना फोन करून विचारलं, तुम्ही सतरावा रकाना वाचता का? पलीकडची बाई म्हणाली, सतरावा रकाना आहे का?

एका पानावर काम आलं. वरच्या मजल्यावरच्या ताई, त्यांचं हसणं जिन्यापर्यंत ऐकू येतं त्या, म्हणाल्या, मलाही दे. मग सगळ्यांनीच घेतलं. तू साडेपाचला घरी यायला लागलीस. टेबलावर ताटं आली. एका रविवारी तू कपडे वाळत घालताना गुणगुणत होतीस, दादाने मला कोपरखळी मारली आणि आम्ही दोघं चोरासारखे उभे राहून ऐकत होतो. त्या वेळी मला पहिल्यांदा वाटलं की माझ्या हातून काहीतरी पूर्ण झालं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण मला तुला आणखी एक आनंद द्यायचा होता. वह्यांतलं सगळं आता संगणकावर आलंय, मग कपाटात चौतीस वह्या कशाला? तू रजेवर होतीस त्या शुक्रवारी मी कपाट रिकामं करायला घेतलं. तिथे तुझं झाड ठेवायचं, खिडकीतलं, असं डोक्यात होतं.

मशीनमध्ये एका वेळी तीन पानं जातात. वही उसवायची, टाचण्या काढायच्या, तीन पानं घालायची, थांबायचं. पाचवं मिनिट झालं की ते तापतं, मग बसून राहायचं. तीन वह्या झाल्या आणि दुपार झाली. खाली रस्त्यावर रद्दीवाल्याची हाक आली.

मावशी कपाटाजवळ नव्हत्या, वहिनी. त्या दिवशी त्या आल्याच नव्हत्या, त्यांच्या मुलीचं बाळंतपण होतं. ते मी लिहिलं कसं, माझं मलाच कळत नाही. त्यांना हे सांगू नकोस. किंवा सांग.

मी वह्या पोत्यात भरून स्वतः जिना उतरले. पहिल्या पानांवर नावं होती ती फाडून घेतली आणि तेवढी मशीनमध्ये घातली, त्यामुळे मला वाटलं की मी फारच काळजी घेतली. रद्दीवाल्याने तोलून दिलेल्या पैशांतून तुझ्या झाडाला कुंडी आणली. तीच निळी कुंडी. तू म्हणालीस, किती छान, आणि आता ती फोडून टाकावीशी वाटते, पण झाडाचा काय दोष.

मग शिंपीकाका आले, दर आठवड्याला तुझ्याकडे बोलायला येणारे.

तो त्यांचा वार नव्हता. मी शेजारच्या टेबलावर होते, तुझं दार पुरतं लागत नाही. त्यांनी खिशातून एक कागद काढला आणि तुझ्यासमोर ठेवला. इस्त्री केलेला होता. पिशवीच्या घड्या मोडून त्यांनी तो इस्त्रीखाली घातला होता, चुरगळलेलं काही कोणाला द्यायची त्यांना सवयच नाही. म्हणाले, "बटणं आणली, त्यात आला. अक्षर तुमचं आहे, तुम्ही मला श्वासाचा व्यायाम लिहून दिलात ना, तेच अक्षर. कोणाचं आहे ते मला ठाऊक नाही. पहिली ओळ वाचली आणि थांबलो."

मग म्हणाले, "माझंही कुठे गेलं असेल, बाई?"

तू म्हणालीस, "मी शोधून सांगते."

ते गेल्यावर तू माझ्याकडे आलीस. आवाज चढला नव्हता. "सगळ्या मशीनमध्ये घातल्यास ना?"

"हो. सगळ्या."

"बघ, मी तसं लिहून देणार आहे."

"दे की."

हा रकाना. तू माझ्या शब्दावर लिहून दिलंस की सगळ्या वह्या नष्ट झाल्या आहेत, आणि चार दिवसांनी बटणवाल्याकडे आणखी एकोणीस पिशव्या निघाल्या. मग तू नुसती निष्काळजी राहिली नाहीस, खोटारडी ठरलीस. माझं नाव तेव्हाही सांगितलं नाहीस. म्हणालीस, वह्या माझ्या, जबाबदारी माझी. दुसऱ्या दिवशी समिती मला बोलावणार होती. मी पहाटेची पहिली बस धरली.

इथलं काम अचानक आलं नव्हतं. शोधायला नऊ दिवस लागले.

भिंगरी


२३ फेब्रुवारी

वहिनी,

बाटल्या सुटल्या. मी सोडल्या नाहीत, मुकादमाने सोडवल्या. आता रोपवाटिकेत आहे, पिशव्यांत माती भरते. एक ना धड भाराभर चिंध्या, हे आईचं वाक्य दर पिशवीला आठवतं. मालकीणबाई विचारत होत्या, पोरी, टिकशील ना? मी म्हटलं, झाडं टिकतील.

दादाने फोन उचलला. तू घरात होतीस, मला भांड्यांचा आवाज आला. तो कमी बोलला, पण जे बोलला त्याने माझं जेवण गेलं. एका पानाचं काम केंद्राने बंद केलंय. सगळं जुन्यावर आलं, पाचच्या पाच कागद, वर एक सहावा, कागद कुठे ठेवला ते लिहायचा. मोठे डॉक्टर म्हणाले म्हणे, सोपं करायला गेलं की असं होतं. आणि वरच्या मजल्यावरच्या ताईंनी नोकरी सोडली. दादा म्हणाला, जिना गप्प झालाय.

वहिनी, सोपं केल्याने झालं नाही ना ते. ते पान बरोबर होतं. ते पान मी आजही कोणासमोर ठेवीन. चूक पोत्यात झाली आणि त्याहून मोठी "हो, सगळ्या" या दोन शब्दांत झाली, आणि शिक्षा झाली त्या पानाला. मी खरं सांगितलं असतं तर त्यांनी मला हाकललं असतं आणि पान ठेवलं असतं. आज तिथे जे कोणी जेवणाच्या टेबलावर पाच वेळा लिहीत बसलंय, ते माझ्यामुळे.

अजून एक आहे. हे मागच्या पत्रात येणार होतं, हातच पुढे सरकेना.

चौतीसपैकी एक वही माझ्याकडे आहे. शिंपीकाकांची.

चोरली नव्हती. त्या शुक्रवारी मशीन तापलं म्हणून बसले होते आणि वह्या चाळत होते. तू समासात काहीबाही काढायचीस, मला वाटायचं, माणूस बोलत असताना हाताला चाळा. मी त्यातलं काहीच टाइप केलं नव्हतं. टाइप काय करणार, एक रेघ आणि एक चौकोन. शिंपीकाकांच्या वहीत दर पानावर तीच रेघ, तोच चौकोन. कंटाळा आला म्हणून अंगठ्याखालून पानं भराभर सोडली, आणि तो चौकोन चालायला लागला.

रेघ म्हणजे दार. चौकोन म्हणजे त्यांची खुर्ची.

पहिल्या भेटीला खुर्ची दाराला चिकटून होती. मग बोटभर पुढे. मध्ये दोन आठवडे परत मागे गेली. मग खिडकीपाशी. अकरा महिने लागले तिला तुझ्या टेबलापर्यंत यायला. शेवटच्या पानावर ती टेबलाला टेकली आहे आणि तू शेजारी एक बारीकसा कप काढला आहेस. म्हणजे त्या दिवशी ते चहा प्यायले, हो ना? तुझ्याकडचा.

आणि मी टाइप केलेल्या नोंदीत दर आठवड्याला काय आहे? "प्रगती : मध्यम." सगळ्या प्रतींवर.

मला गंमत वाटली. तुला दाखवीन म्हणून पिशवीत टाकली. मग रद्दीवाल्याने हाक मारली आणि मी विसरले. नेहमीसारखी. पळून आले तेव्हा कपड्यांतून निघाली. त्यांनी तुला विचारलं होतं, माझंही कुठे गेलं असेल का, आणि ते तेव्हा माझ्या पिशवीत होतं, आता उशाखाली आहे. एवढं जरी मी तेव्हा आठवून सांगितलं असतं, तुमचं कुठेही गेलेलं नाही काका, तरी कदाचित ते परत आले असते. दादा म्हणतो, त्या दिवसानंतर ते केंद्रात फिरकलेच नाहीत. आता खुर्ची कुठे असेल? दाराच्याही बाहेर.

बाकीच्या वह्यांतही असलंच काही असणार. तीस माणसांच्या तीस खुणा मी कुंडीच्या भावात दिल्या. तू मला कधीच विचारलं नाहीस की समासाचं काय केलंस. पण एकदा, सगळं बाहेर आल्यावर, तू रिकाम्या कपाटासमोर उभी होतीस आणि हाताचं बोट हवेत हलवत होतीस. मला वाटलं, काही मोजतेयस. तू आठवत होतीस, वहिनी.

मी सोळाच्या आधी येते. घरी नाही. केंद्रात.

भिंगरी


११ मार्च

वहिनी,

हे केंद्राच्या बाकावर बसून लिहिते आहे, नोंदणीच्या खिडकीसमोरच्या. बाकाचा तिसरा पाय अजून आखूड आहे.

बस उतरले ती शिंप्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच. त्यांचं दुकान उघडं होतं. मशीन चालू होतं, काका पाठमोरे होते, भिंतीवर कापड मोजायच्या गजाच्या वर एक कागद चिकटवलेला दिसला. श्वासाचा व्यायाम असेल का? लांबून अक्षर दिसलं नाही. वही माझ्या पिशवीत होती आणि पाय निघाले होते. आत जायचं, वही पुढे ठेवायची, सांगून टाकायचं, तुमची वही माझ्याकडेच होती. मग वाटलं, त्यांची मी कोण? त्यांनी जे सांगितलं ते तुला सांगितलं. मला त्यांचं नावही माहीत असायला नको. आयुष्यात पहिल्यांदा मी एका दारासमोरून वळले नाही, सरळ गेले. ही एक गोष्ट तरी नीट झाली असं समज.

खिडकीवरच्या बाईंनी मला ओळखलं आणि ओळख दाखवली नाही. मी म्हटलं, मला जबाब द्यायचाय, वह्यांचा. त्यांनी कागद सरकवले. पाच प्रती. हस्ताक्षरात. कार्बन चालणार नाही, छापील चालणार नाही.

मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

पहिली प्रत लिहिली, दीड पान झालं. मशीन कसं तापायचं, तीनच पानं कशी जायची, मला तुला आनंद कसा द्यायचा होता, नावाची पानं कशी फाडली, सगळं. वाचून माझीच कीव आली. दुसऱ्या प्रतीत हात दुखायला लागला म्हणून मशीनचं तापणं गाळलं. तिसऱ्या प्रतीत कुंडी गेली. चौथीत, मला आनंद द्यायचा होता, हे वाक्य लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. तेच वाक्य तीनदा लिहून झालं होतं आणि त्यात आता कोणीच उरलं नव्हतं. तू म्हणायचीस तसंच. खोडलं.

पाचव्या प्रतीत सहा ओळी आल्या. चौतीसपैकी तीन वह्या मशीनमध्ये घातल्या. तीस मी रद्दीत दिल्या. एक माझ्याकडे राहिली, ती सोबत बंद पाकिटात देत आहे. वहिनींनी मला विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं आणि त्यांनी लिहून दिलं ते माझ्या शब्दावर. एका पानाच्या नमुन्याचा यात काही दोष नाही, तो कृपया पुन्हा तपासावा. खाली सही, आणि शाळेतलं पूर्ण नाव, जे मी विसरलेच होते.

पाचही खिडकीत दिल्या. बाईंनी एकीखाली एक लावून पाहिल्या आणि परत केल्या. "सगळ्या सारख्या हव्यात."

मी म्हटलं, पाचवी खरी आहे.

"मग तिच्यासारख्या करा."

म्हणून परत बसले. चार प्रती नव्याने. एकूण नऊ झाल्या, वहिनी, आणि मी मधे एकदाही उठले नाही, पाणी प्यायलासुद्धा नाही. समोरून एक माणूस बोका घेऊन गेला, खरोखरचा, टोपलीत, आणि मी मान वर केली नाही. बोका मला नंतर बाईंनी सांगितला. तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्याशी माणसासारखं बोलल्या. म्हणाल्या, तुझं ते एक पान होतं तेव्हा मी पोरीला शाळेतून आणायला वेळेवर जायचे.

वहीचं पाकीट मी तुझ्या नावाने बंद करून दिलंय, चिकटपट्टी सरळ लागली आहे. समिती उघडेल की तुला देईल, माहीत नाही. तुला मिळाली तर ठेवायची की मशीनमध्ये घालायची ते तू ठरव. घालायची झाली तर तीन तीन पानंच जातात, मी घालीन, शेवटपर्यंत बसून.

या सगळ्याने सोळा तारखेला काय होईल, सांगता येत नाही. बाई म्हणाल्या, जबाब उशिरा आलाय, तो घ्यायचा की नाही हे समिती ठरवेल. उशिरा म्हणजे किती, ते मी विचारलं नाही. त्या दिवशी मी याच बाकावर असेन. तू आत जाताना माझ्याकडे बघायलाच हवं असं नाही.

केंद्राच्या चार प्रती त्यांच्याकडे राहिल्या. पाचवी जबाब देणाऱ्याने स्वतःकडे ठेवायची असते म्हणे. मी कुठलीच गोष्ट फार दिवस ठेवू शकत नाही, तुला ठाऊकच आहे. म्हणून ती या पत्राबरोबर पाठवते.

समासात बघ. एक रेघ काढली आहे, तुमच्या घराचं दार. चौकोन तिच्या बाहेर आहे.

भिंगरी